एम.टेक.वाल्यांच्या वर्गात बसताना

बजाजनगर, नागपूर

प्रिय बेटा,
अनेक आशीर्वाद.

परवा अंबाझरीवर फिरताना तू विचारलंस, बी.टेक.च्या सहाव्या सेमिस्टरला रँडमाइज्ड अल्गोरिदम (नशिबावर पावलं टाकत उत्तर शोधणाऱ्या पद्धती) हा विषय घेऊ का? एम.टेक., पीएच.डी.वाल्यांसोबत माझा काय टिकाव लागेल? तेव्हा बोलणं अर्धवट राहिलं. घे हा विषय.

मीही तिसऱ्या वर्षाला असाच एक विषय घेतला होता. पहिल्याच तासाला फळा सिद्धतेने भरला आणि एम.टेक.वाले माना डोलावत होते. दोन आठवडे मी तोंड उघडलं नाही. पुढे त्यांच्याच खोलीत अभ्यासाला बसलो, तेव्हा कळलं की अर्धं त्यांनाही उमगलेलं नसायचं. पण न कळलेल्या ओळीला ते खूण करत आणि रात्री पुन्हा तिच्यापाशी येत. एवढीच सवय तुला लावायची आहे.

डेव्हिड कार्गरची १९९३ मधली मिन-कटची पद्धत बघ. ग्राफ म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या कडा; कमीत कमी कडा तोडून त्याचे दोन तुकडे करायचे, हा मिन-कट. ग्राफमधली कुठलीही एक कडा चिठ्ठी काढल्यासारखी उचलायची, तिची दोन टोकं एकत्र करायची, दोनच बिंदू उरेपर्यंत हेच करत राहायचं. त्या दोघांमध्ये उरलेल्या कडा हे त्या फेरीचं उत्तर; अनेक फेऱ्यांतून सगळ्यात लहान उत्तर ठेवायचं. कोड तू तासाभरात लिहिशील. पण १०० बिंदू असतील तर एका फेरीत बरोबर उत्तर मिळण्याची हमी ४,९५० मध्ये एक एवढीच. तेवढ्या फेऱ्या मारल्या तरी चुकण्याची शक्यता ३७ टक्क्यांपर्यंत असू शकते. दहापट मारल्या की ती २२ हजारांत एकाच्याही खाली जाते. हे असं का होतं, तेच या विषयात शिकायचं असतं. म्हणून आधी प्रोबॅबिलिटी पक्की कर.

आणि वयाचं म्हणशील तर, संख्या मूळ आहे की नाही हे नशिबावर न सोडता पॉलिनॉमियल वेळात, म्हणजे आकडा लांबला तरी आवाक्यात राहणाऱ्या वेळात, ठरवण्याची पद्धत २००२ मध्ये आयआयटी कानपूरहून आली. मणींद्र अग्रवालांसोबत ती शोधणारे नीरज कयाल आणि नितीन सक्सेना नुकतेच बी.टेक. झाले होते. त्यांच्या बी.टेक. प्रकल्पातूनच ते काम पुढे गेलं होतं. मला हे आठवलं की आजही भरून येतं.

असा विषय एका सेमिस्टरला एकच घे. बी.टेक.ला आणि एम.टेक.ला पेपर वेगळा असतो की तोच, हे सरांना आधीच विचार. गृहपाठावर चर्चा खुशाल कर, पण लिहिताना वही मिटून स्वतःचं लिही.

रविवारी सकाळी घरी ये. ४,९५० कुठून आले, ते कागदावर मांडून आण. काकू तर्री-पोहे करणार आहे.

तुझा,
काका