हनुक्काचे दिवे मुलांकडून करून घेताना

प्रश्न : मडगावात आम्ही ज्यू मुलांचा रविवारचा वर्ग घेतो. हनुक्का या ज्यूंच्या आठ दिवसांच्या दिव्यांच्या सणासाठी मातीचं हनुक्कादान, म्हणजे नऊ मेणबत्त्यांचं दीपदान, करतो. त्यात मेणबत्त्या वाकतात, त्या का?

उत्तर : खाचा जवळजवळ पडल्या की शेजारच्या ज्योतीच्या आचेने मेण मऊ होतं. चार सेंटिमीटर तरी अंतर ठेवा. आठही खाचा एका ओळीत, सारख्या उंचीवर. फक्त शमाश, म्हणजे बाकीचे पेटवणारा नववा दिवा, त्यांच्याहून उंच. माती सावलीतच वाळवा, उन्हात तडकते. तेलाचे दिवे करणार असाल तर खोबरेल टाळा, डिसेंबरच्या गार रात्री थिजतं, तिळाचं घ्या.

रोज एक वाढवत मेणबत्त्या उजवीकडून मांडायच्या, पेटवायच्या मात्र डावीकडून, त्या दिवसाची नवी आधी. मुलं हमखास इथेच गोंधळतात! शमाश धरून आठ दिवसांना 44 लागतात. शुक्रवारी शब्बाथच्या (सूर्यास्ताला सुरू होणारा साप्ताहिक विसाव्याचा दिवस, त्यात आग पेटवत नाहीत) दिव्यांआधी पेटवा आणि मोठ्या मेणबत्त्या लावा, कारण काळोख पडल्यावरही अर्धा तास तेवायला हव्यात.