वाचकांचे प्रश्न : ३२० एकर असूनही कर्ज?

प्रश्न : दुष्काळानंतर ऑस्ट्रेलियात गेलेल्या आयरिश शेतकऱ्यांना ३२० एकर जमीन मिळायची म्हणे. आमच्याकडं चार एकर भातावर घर चालतं. मग ते कर्जात कसे बुडाले? – एक वाचक, खानापूर

उत्तर : 'मिळायची' हा शब्द फसवा आहे. व्हिक्टोरिया वसाहतीचा १८६९ चा कायदा बघा. ३२० एकर ही कमाल मर्यादा. पहिली ३ वर्षं परवान्यावर, एकरी वर्षाला २ शिलिंग (२० शिलिंग म्हणजे १ पौंड), म्हणजे सालाचे ३२ पौंड. तेवढ्यात तिथं राहायचं, कुंपण घालायचं, दहावा हिस्सा म्हणजे ३२ एकर लागवडीखाली आणायचे, शिवाय एकरी १ पौंडाची सुधारणा दाखवायची. मग एकरी १ पौंड किमतीतले उरलेले १४ शिलिंग एकदम भरा, नाहीतर ७ वर्षं हप्त्यानं. मैलभर लांब, अर्धा मैल रुंद तुकडा धरला तरी कुंपणच ३ मैलांचं होतं! पहिलं पीक येईपर्यंत पीठ-साखर दुकानदाराच्या उधारीवर.

त्यात रान निलगिरीचं. सगळी झाडं तोडणं आवाक्याबाहेर, म्हणून बुंध्याभोवती सालीचा आणि आतल्या ओल्या लाकडाचा पट्टा कुऱ्हाडीनं काढायचे. झाड उभ्यानं वाळतं. पण निलगिरी तोडलेल्यांना पुढचं सांगायला नको. खालून धुमारे येतात, ते मोडत राहिलं नाही तर मेहनत पाण्यात. स्फुरद मुळातच कमी असलेल्या जमिनीत सालोसाल गहूच घेतला की उतारा घसरतो, आणि दमट वर्षी तांबेरा. पाण्याकाठचे तुकडे तर मेंढपाळ जमीनदारांनी आधीच बेनामी नावांवर अडकवलेले. (बेनामी आपल्यालाही नवं नाही.)

प्रश्न : बुडखे-मुळं राहिली तर नांगर मोडत नसे? – निपाणी

उत्तर : मोडायचाच. दक्षिण ऑस्ट्रेलियात मॅली नावाची झुडपी निलगिरी आहे; तिचे जमिनीतले गड्डे फाळ तोडत. रिचर्ड बॉयर स्मिथ यांनी १८७६ मध्ये प्रत्येक फाळ वेगळ्या बिजागरीवर बसवला. मूळ लागलं की तेवढाच फाळ वर उचलतो, पुढं गेल्यावर वजनानं परत मातीत बसतो. गड्डा मात्र जागेवरच राहतो, तेवढी पट्टी कोरी सुटते.

प्रश्न : आयरिश म्हणजे बटाटा, तिथं लावला नाही? – कडोली

उत्तर : लावला की. व्हिक्टोरियातल्या कोरोइटजवळ, टॉवर हिलच्या ज्वालामुखीच्या मातीत आयरिश कुळांनी बटाटाच घेतला. आतल्या कोरड्या मुलखात ओल टिकत नाही, आणि जड, नाशवंत माल बैलगाडीनं लांब नेणं परवडत नसे.