'माझे मेंटॉर व्हाल का?' हे विचारूच नका

तुम्ही लिहिलंय की तिघा वरिष्ठांना 'माझे मेंटॉर व्हाल का?' असं विचारलंत. दोघांनी उत्तरच दिलं नाही, तिसरे 'हो, जरूर' म्हणाले आणि चार महिने गाडी तिथेच अडलीय. मला त्यांचा फारसा दोष दिसत नाही. किती वेळ, कशासाठी, कुठवर, काहीच पत्ता नसताना 'हो' म्हणणं म्हणजे कोऱ्या कागदावर सही करणं.

मी स्ट्रक्चरल डिझाइनमध्ये, म्हणजे इमारतींचा सांगाडा ठरवण्याच्या कामात आहे. नवा असताना मीही हाच उद्योग करून तोंडघशी पडलो होतो. पुढे जमलं ते न ठरवता. बीम आणि कॉलम जिथे मिळतात तिथल्या सळ्यांचं ड्रॉइंग घेऊन एका ज्येष्ठ मॅडमकडे गेलो. म्हटलं, 'हिशेब बसतोय, पण काहीतरी खटकतंय.' त्यांनी पेन्सिलीने जोडाभोवती गोल काढला. 'इथे काँक्रीट आत शिरणार कुठून? साइटवर जाऊन बघ.' दहा मिनिटंही लागली नसतील.

गेलो. अशाच दाट सळ्यांच्या एका कॉलमचं शटरिंग, म्हणजे काँक्रीट ओतायचा साचा, नुकतंच काढलं होतं. मधाच्या पोळ्यासारखी भोकं, आतली सळई उघडी. फोटो काढला, ड्रॉइंग बदललं आणि दोन्ही त्यांना पाठवलं. उत्तर आलं, 'बरं केलंस. आता लॅप कुठे देणार?' (लॅप म्हणजे दोन सळ्या एकमेकींवर चढवून केलेला सांधा.)

त्या प्रश्नापासून आज अकरा वर्षं झाली. मेंटॉर हा शब्द आम्ही दोघांनीही कधी काढला नाही.

सगळी मेख त्या फोटोत होती, असं मला वाटतं. सल्ला मागायला सगळेच येतात. त्याचं पुढे काय झालं ते सांगायला फार थोडे परततात. सल्ला पटला नाही तर तेही कळवा, कारणासकट. होयबा माणसाला शिकवण्यात कुणाला मजा येत नाही.

पुढे मोठा शास्त्रज्ञ झालेल्या मायकेल फॅरडेनेही असंच काम दाखवलं. तो बुकबाइंडरकडे उमेदवारी करत होता. १८१२ मध्ये त्याने रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीची व्याख्यानं ऐकली, टिपणं सुबक लिहून, बांधून थेट डेव्हीलाच पाठवली. (त्याआधी रॉयल सोसायटी या शास्त्रज्ञांच्या मानाच्या संस्थेच्या अध्यक्षांनाही पत्र लिहिलं होतं, उत्तर आलं नाही. तेव्हा वाईट वाटून घेऊ नका.) डेव्हीने आधी 'बाइंडिंगच कर' असं सुचवलं, पण १८१३ मध्ये मदतनिसाची जागा रिकामी झाल्यावर त्याला फॅरडेच आठवला. गोष्टीचं शेपूट मात्र कडू आहे. १८२४ मध्ये फॅरडेला रॉयल सोसायटीत घेताना विरोध केला तो तेव्हाचा अध्यक्ष डेव्हीनेच. शिष्य बरोबरीला आला की काहींना ते झेपत नाही.

म्हणून सगळा भार एकावर टाकू नये. मी डिझाइनचं एकाला विचारतो, क्लायंटशी कसं बोलावं ते दुसऱ्याला. आणि शक्यतो स्वतःच्या साहेबाला यात गुंतवू नका. ज्याच्या हातात बढती आहे त्याच्यापुढे 'मला हे येत नाही' हे मोकळेपणाने म्हणवत नाही.

आता 'हो' म्हणालेल्या त्या तिसऱ्यांनाच लिहा. 'मार्गदर्शन करा' हे शब्द नकोत. हातातल्या कामाचं एक पान, तुम्ही काय करून पाहिलंत ते दोन ओळींत, आणि एकच प्रश्न. पंधरवड्यात उत्तर नाही आलं तर एकदा आठवण करा, मग सोडून द्या आणि तेच पान दुसऱ्या कुणाला दाखवा.