दहा हजारांत ड्रॉइंग टॅबलेट (लॅपटॉपला जोडून पेनाने चित्र काढायची पाटी): स्क्रीनचा घ्यावा की बिनस्क्रीनचा?

तुमच्याकडे 15.6 इंची विंडोज लॅपटॉप आहे, मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायची आहेत आणि बजेट दहा हजार. शिवाय 8192 ऐवजी 16384 प्रेशर लेव्हल्सचं (पेनाच्या दाबाचे किती टप्पे टॅबलेट ओळखतो, त्याचा आकडा) मॉडेल घ्यावं का, असंही विचारलंय.

बिनस्क्रीनचा, मध्यम आकाराचा घ्या आणि लेव्हल्सचा आकडा विसरा. 2048 च्या पुढे रेघेत डोळ्याला जाणवेल असा फरक पडत नाही. पेन किती हलक्या स्पर्शाला रेघ उमटवायला लागतं, यावर सगळं अवलंबून असतं. पण ती गोष्ट खोक्यावर कुणी ठळक छापत नाही.

आकार मात्र नीट बघा. तुमच्या लॅपटॉपचा पडदा साधारण 345 मिमी रुंद आहे. 'वन बाय वेकॉम'च्या छोट्या मॉडेलवर काढायची जागा 152 × 95 मिमी, म्हणजे हात 1 सेंमी सरकला की पडद्यावर रेघ जवळजवळ 2.3 सेंमी जाते. हाताची थरथरही तेवढीच वाढून दिसते. 'एक्सपी-पेन डेको 01 व्ही 2' किंवा 'ह्युऑन एच 1060 पी' वर 254 × 159 मिमी जागा मिळते. तिथे हेच प्रमाण 1.4 च्या आत येतं. छोटा टॅबलेट फोटो रिटचिंगला पुरतो, लांब सलग रेघांना नाही. मध्यमपेक्षा मोठा घेतला तर कोपरापासून हात हलवावा लागतो आणि टेबलावर लॅपटॉपला जागा उरत नाही.

पेन बिनबॅटरीचंच हवं. या तिन्हींचं तसंच आहे. 'वन बाय वेकॉम'ला शॉर्टकटची बटणं नाहीत आणि पेनाचा कलही कळत नाही. पेन्सिलीसारखं आडवं धरून शेडिंग करायची सवय असेल तर ते खटकेल.

स्क्रीनच्या टॅबलेटचा एक खरा फायदा सांगायला हवा. स्वस्त लॅपटॉपचे पडदे रंग फिके दाखवतात आणि छापून आलेलं पान बघून धक्का बसतो. पण त्यासाठी बजेट ताणायची गरज नाही, रंग दुसऱ्या चांगल्या पडद्यावर तपासता येतात. बिनस्क्रीनच्या टॅबलेटवर पडद्याकडे बघत खाली हात चालवायची सवय दोन-तीन आठवड्यांत होते.

आता टॅबलेट आल्यावर काय बिघडतं ते. आधी कुठल्याही कंपनीचा टॅबलेट वापरला असेल तर त्याचा ड्रायव्हर (टॅबलेट चालवणारं सॉफ्टवेअर) काढून टाका, लॅपटॉप रीस्टार्ट करा, मगच नवा घाला. दोन ड्रायव्हर एकत्र असले की पेन चालतं, पण दाबाप्रमाणे रेघ जाड-बारीक होणं बंद होऊ शकतं. क्रिता या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये दाब लागत नसेल तर सेटिंग्जमधल्या 'टॅबलेट सेटिंग्ज'मध्ये विनटॅब आणि विंडोज इंक (पेनाची माहिती घेण्याच्या दोन पद्धती) यांची अदलाबदल करून क्रिता पुन्हा उघडा. पेन टेकवल्यावर गोल कडं येऊन रेघ अडत असेल तर कंट्रोल पॅनेलच्या 'पेन अँड टच'मधून 'प्रेस अँड होल्ड' बंद करा.

सगळ्यात जास्त लोक इथे फसतात: टॅबलेट 16:10, लॅपटॉप 16:9. पूर्ण जागा पूर्ण पडद्याला जोडली की वर्तुळ साधारण 11 टक्के आडवं ताणलं जातं. हात अगदी बरोबर फिरवला तरी चेहरे रुंद येतात आणि दोष आपलाच वाटतो. ड्रायव्हरमध्ये 'स्क्रीन रेशो' किंवा 'फोर्स प्रपोर्शन्स' असा पर्याय असतो, तो चालू करा. उंचीतले 16 मिमी वाया जातात, जाऊ द्या.

निब, म्हणजे पेनाचं टोक, झिजून तिरकी धारदार झाली की लगेच बदला, नाहीतर ती टॅबलेटवर कायमचे ओरखडे पाडते.

परत करायची मुदत संपायच्या आत दोन गोष्टी तपासा. ब्रशचं स्मूदिंग (रेघ आपोआप सफाईदार करणं) बंद करून टॅबलेटवर पट्टी तिरकी ठेवा आणि तिच्या कडेने अगदी सावकाश रेघ ओढा. रेघ लाटांसारखी आली तर तो तुमच्या हाताचा दोष नाही, टॅबलेटचा आहे. मग पेन न दाबता, नुसत्या त्याच्या वजनाने टॅबलेटवरून ओढा. पुसटशी रेघ उमटली पाहिजे. उमटली नाही, तर ड्रायव्हरमधला प्रेशर कर्व्ह (किती दाबाला किती रेघ, हे ठरवणारी सेटिंग) मऊ करून बघा. तरीही दाबावंच लागत असेल तर टॅबलेट परत करा.