फिजिक्स की वकिली? आधी फिजिक्स पुरं होऊ द्या

ताई, नमस्कार.

बोईसरहून आलेलं तुमचं पत्र वाचलं. लेक टीवाय बीएस्सीला आहे, विषय फिजिक्स. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनं नवा अणुऊर्जा कायदा केल्याचं वाचल्यापासून तिनं एलएलबीचं मनावर घेतलंय. किरणोत्सर्गाच्या सुरक्षेच्या कायद्यात काम करायचं म्हणते. तुमच्या मते तिनं एमएस्सी करून बीएआरसीत, म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्रात, लागावं. 'असलं काम करणारे वकील असतात तरी का?' असंही तुम्ही विचारलंय.

असतात, पण मोजके. 'अणुकायद्याचा वकील पाहिजे' अशी जाहिरात तुम्हाला सहसा दिसणार नाही. तरीही मुलीनं जे हेरलंय ते खरं आहे. तिची फक्त क्रमात गल्लत होतेय.

दिल्लीच्या मायापुरीतलं २०१० सालचं प्रकरण तिला नीट वाचायला सांगा. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात गॅमा किरणांचं एक यंत्र कित्येक वर्षं पडून होतं. आत कोबाल्ट-६०, हा किरणोत्सर्गी पदार्थ. विद्यापीठानं ते लिलावात काढलं, भंगारवाल्यांनी घेतलं, फोडलं. एका कामगाराचा जीव गेला, इतर काहींना रुग्णालयात ठेवावं लागलं. आता यात कायदा कुठे कमी पडला? असा सोर्स, म्हणजे किरणं सोडणारा पदार्थ, परवानगीशिवाय कुणाला देता येत नाही, त्याची विल्हेवाट ठरलेल्या पद्धतीनंच लावायची, हे २००४ च्या किरणोत्सर्ग संरक्षणाच्या नियमांत लिहिलेलंच होतं. पण त्या यंत्राच्या पोटात काय आहे हे लक्षात ठेवणारं आणि लिलावाच्या कागदावर सही होण्याआधी हरकत घेणारं तिथं कुणी नव्हतं.

दुसरी बाजू खुद्द नियामकाची. अणुऊर्जा नियामक मंडळ, म्हणजे एईआरबी, १९८३ साली सरकारी आदेशानं स्थापन झालं. त्याचा अहवाल जायचा अणुऊर्जा आयोगाकडे, आणि आयोगाचे अध्यक्ष म्हणजे अणुऊर्जा खात्याचेच सचिव. ज्यांच्या भट्ट्या तपासायच्या त्यांनाच हिशेब द्यायचा! कॅगनं, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापालांनी, २०१२ च्या अहवालात यावर बोट ठेवलं. देशातल्या ५७,४४३ वैद्यकीय एक्स-रे केंद्रांपैकी जेमतेम ५,२७० एईआरबीकडे नोंदलेली होती, हेही त्याच अहवालात आहे. स्वतंत्र प्राधिकरणासाठी २०११ मध्ये विधेयक आलं, ते लोकसभेची मुदत संपल्यावर बारगळलं. मग डिसेंबर २०२५ च्या त्या नव्या कायद्यानं, म्हणजे 'शांती' कायद्यानं, १९६२ चा अणुऊर्जा कायदा आणि २०१० चा अणुअपघाताच्या नुकसानभरपाईचा कायदा दोन्ही रद्द केले, एईआरबीला संसदेच्या कायद्याचं अधिष्ठान दिलं आणि खासगी कंपन्यांना परवान्याचं दार उघडलं. मंडळावरच्या नेमणुकांसाठीची निवड समिती मात्र अणुऊर्जा आयोगच नेमणार. माझ्या मते तिथं धागा थोडा कच्चाच राहिला. पुढे कोर्टात आणि संसदेत यावर वाद झडतील, त्यात तुमच्या लेकीसारखी माणसं लागतील.

पण कुठली माणसं? कायद्याचं मुख्य कलम दिल्लीत लिहिलं जातं. त्याखालचे नियम, संहिता, परवान्याच्या अटी हे सगळं लिहितात आणि तपासतात ते बहुतांशी विज्ञान आणि इंजिनिअरिंगचे लोक. कर्मचाऱ्याला पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळणाऱ्या किरणोत्सर्गाचं माप), सामान्य माणसाला १, या मर्यादा का आणि मोजायच्या कशा, हे ज्याला कळत नाही त्याचा मसुदा पहिल्याच बैठकीत परत येतो.

म्हणून माझा सल्ला तुमच्या बाजूनं झुकतो, पण तुमच्या कारणासाठी नाही. बीएआरसीच्या ट्रेनिंग स्कूलला, जिथून वैज्ञानिक अधिकारी घेतले जातात, खुल्या गटासाठी वयाची मर्यादा २६ आहे. एलएलबीला तसली घाई नाही, ती काही वर्षं नोकरी केल्यावरही करता येते. जे दार आधी बंद होतं तिथं आधी जावं. एमएस्सी फिजिक्स करू दे, ६० टक्क्यांच्या खाली येऊ न देता. त्यानंतर दोन वाटा. एक ट्रेनिंग स्कूल. तिथून एईआरबीतही वैज्ञानिक अधिकारी घेतात. दुसरी बीएआरसीची रेडिओलॉजिकल फिजिक्सची पदविका, एक वर्षाची. कॅन्सरच्या रेडिएशनचं मशीन चालवणाऱ्या रुग्णालयाला मेडिकल फिजिसिस्ट आणि रेडिओलॉजिकल सेफ्टी ऑफिसर, म्हणजे आरएसओ, ठेवावाच लागतो. पदविकेवाल्यांना ही कामं मिळतात. आणि कायदा रोजच्या रोज कसा चालतो (किंवा कसा चालत नाही) ते आरएसओच्या खुर्चीवरून जितकं दिसतं तितकं कॉलेजच्या वर्गातून दिसत नाही. किरणोत्सर्ग मोजणारा बॅज न लावता आत जाणारा डॉक्टर, परवान्याचं रखडलेलं नूतनीकरण, मालकाचा 'चालतंय हो' हा सूर, सगळं तिथं भेटतं.

तीन-चार वर्षं असं काम झालं की तीन वर्षांची एलएलबी. तेव्हा तिच्याकडे दोन्ही असेल, आणि असे लोक आपल्याकडे फार थोडे आहेत. पुढे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचा अणुकायद्यावरचा छोटा अभ्यासक्रमही असतो. त्याचा विचार आत्ताच नको.

फिजिक्सचाच कंटाळा आला म्हणून ती वकिलीकडे वळत असेल, तर मात्र वरचं सगळं बाजूला ठेवा आणि तिला एलएलबीची सीईटी देऊ द्या. हे तिला सरळ विचारा, तिचे बाबा समोर नसताना. या सुट्टीत तालुक्यातल्या एखाद्या सीटी स्कॅन सेंटरमध्ये आठवडाभर नुसतं बसून बघता येतं का तेही पाहा. भिंतीवर एईआरबीचा परवाना लावलेला असतो. त्यावरच्या अटी वाचून तिला काय प्रश्न पडले ते मला लिहून पाठवायला सांगा.