केबल, ओटीटी आणि टीव्हीतल्या नोकऱ्या : तुमचे प्रश्न

यावेळी आलेले बरेचसे प्रश्न एकाच काळजीतून आलेत, टीव्ही घरात यायची वाट बदलली आणि त्या वाटेवर ज्यांचं पोट आहे त्यांनी काय करायचं. त्यातले पाच घेतोय.

प्रश्न : सर, सांगली जिल्ह्यात तालुक्याच्या गावी माझा केबलचा धंदा आहे, वडिलांपासूनचा. कनेक्शन निम्मीही उरली नाहीत. तरणी पोरं मोबाइलवर बघतात, म्हातारी माणसं गेली की घरातला बॉक्स बंद. विकून मोकळा होऊ का?

विकायची घाई नका करू. पण नुसत्या केबलच्या भरवशावरही राहू नका, ती गिऱ्हाइकं परत येणार नाहीत हे मनाला एकदा सांगून टाका. आता तुमच्याकडे काय आहे ते बघा. गावभर पोलवरनं फिरलेली लाइन, गच्चीवर चढायची मुभा, आणि कुणाच्या घरी दुपारी कोण असतं हे माहीत असलेली दोन-तीन पोरं. इंटरनेटच्या मोठ्या कंपन्यांना तालुक्याच्या गावात नेमकं हेच मिळत नाही, म्हणून तर त्या लोकल केबलवाल्यालाच फ्रँचायझी देतात.

काम फार परकं नाहीये. तुमच्या कोअॅक्समध्ये, म्हणजे नेहमीच्या टीव्ही केबलमध्ये, थोड्या थोड्या अंतरावर अॅम्प्लिफायर लागतो, लाइट गेली की तो झोपतो, पावसात कनेक्टर गंजतो. जीपॉन फायबरमध्ये (काचेच्या तारेतनं प्रकाशावर चालणारं नेट) तुमच्या ऑफिसात सिग्नल सोडणारं एक ओएलटी, वाटेत तो वाटून देणारा स्प्लिटर आणि घरात तो घेणारा बॉक्स म्हणजे ओएनटी, मधे कुठेच करंट लागत नाही. तुमची पोरं डीबीमध्ये, म्हणजे सिग्नल किती घटला या मापात, विचार करायला आधीच शिकलेली आहेत, हा मोठा फायदा. १:८ चा स्प्लिटर साधारण साडेदहा डीबी खातो, चांगला जॉइंट ०.१ च्या आत राहतो, आणि गिऱ्हाइकाच्या घरी पॉवर मीटरवर उणे १८ ते उणे २४ दिसलं की निवांत झोपायचं, उणे २७ च्या पुढे गेलं की लाल दिवा आणि फोन सुरू. स्प्लायसिंगला, म्हणजे दोन फायबर जोडायला, हात बसायला लागतो, फायबर सोलायची, स्पिरिटने पुसायची, क्लीव्हरने सरळ कापायची, मग मशीनमध्ये. नव्वद टक्के बिघाड पुसण्यातल्या आळसामुळे होतात असं म्हटलं तरी चालेल, म्हणून पोरांना तिथेच कडक शिस्त लावा.

दोन गोष्टी मात्र जपून. कर्ज काढून सगळं गाव एकदम करू नका, जिथे मागणी आहे अशी एक गल्ली घ्या आणि तिचा पैसा फिरायला लागला की पुढची. आणि कंपनीशी करार करताना तुम्ही टाकलेल्या फायबरचा मालक कोण आणि गिऱ्हाइकाच्या बिलातला वाटा किती, हे कागदावर घ्या. तोंडी बोलण्यावर विश्वास ठेवून लोक फसलेत. चॅनल बघणारे जे आहेत त्यांना त्याच फायबरवरनं आयपीटीव्ही (नेटच्या लाइनवरनं येणारे चॅनल) देता येतो, म्हणजे एकाच घरातनं दोन्ही पैसे.

प्रश्न : आमच्याकडे १०० एमबीपीएसचं नेट आहे, मॅच अॅपवर बघतो. वरच्या मजल्यावर डिश आहे. विकेट पडली की ते आधी ओरडतात, आमचा बोलर अजून रनअपमध्येच असतो. नेटवाल्याला कितीदा सांगितलं, काही होत नाही.

नेटवाल्याची यात काही चूक नाही हो. १००चं ५०० केलंत तरी वरचे आधीच ओरडणार.

अॅपवर मॅच अखंड वाहत येत नाही, तुकड्या-तुकड्यांनी येते. २००९ मध्ये अॅपलने एचएलएस नावाची पद्धत आणली, त्यात व्हिडिओचे तुकडे पाडतात, आधी दहा-दहा सेकंदांचे पाडायचे, आता सहाचे पाडा म्हणतात. तुमचा प्लेअर सहसा असे तीन तुकडे हातात आल्याशिवाय सुरूच होत नाही, म्हणजे अठरा सेकंद तिथेच गेले. त्याच्या आधी एकच चित्र चार-पाच क्वालिटीत बनवायचं, ते गावोगावच्या सर्व्हरवर पोचवायचं, असं करत करत अर्धा मिनिट सहज होतो. डिशलाही उशीर असतोच, पण थोडक्या सेकंदांचा, कारण सॅटेलाइट ३६,००० किलोमीटरवर असला तरी सिग्नलला वर जाऊन खाली यायला पाव सेकंद लागतो, बाकीचा वेळ एन्कोडिंगचा, म्हणजे चित्र दाबून लहान करायचा.

हे कमी करता येतं. अॅपलनेच २०१९ मध्ये तुकड्यांचे आणखी बारीक भाग करायची पद्धत जाहीर केली. पण कंपन्या मुद्दाम थोडा साठा हातात ठेवतात, आणि मला ते पटतं. २०२३च्या वर्ल्ड कपच्या फायनलला डिस्ने हॉटस्टारवर एका वेळी ५.९ कोटी लोक होते. सॅटेलाइटला एक माणूस वाढला काय नि लाख वाढले काय, खर्च तोच. स्ट्रीमिंगमध्ये प्रत्येकाला त्याची वेगळी प्रत पाठवावी लागते. अशा गर्दीत साठा कमी ठेवला तर शेवटच्या ओव्हरला चित्र गरगरत बसणार, त्यापेक्षा वीस सेकंद उशीर परवडला. तुम्ही मधनंच पॉज केलं असेल तर ‘लाइव्ह’वर दाबा, थोडं पुढे येईल. आणि मॅच होईपर्यंत व्हॉट्सअॅप ग्रुप म्यूट करा, वरच्या मजल्याला मात्र इलाज नाही.

प्रश्न : अंधेरीत एका चॅनलच्या एमसीआरमध्ये (मास्टर कंट्रोल रूम) पंधरा वर्षं शिफ्ट करतोय, वय ४२. आता प्लेआउट, म्हणजे चॅनल प्रसारणाला सोडायचं काम, क्लाउडवर नेणार म्हणतात. मला एसडीआय येतं, राउटर, पॅच पॅनल येतं. नेटवर्किंग कधी केलं नाही. माझं संपलं का?

खरं सांगतो, एमसीआरमधल्या शिफ्ट कमी होणार. एका चॅनलला एक माणूस हे दिवस गेले, एक जण स्क्रीनवर डझनभर चॅनल बघतो. बेंगळुरूची अमागी २००८ पासूनची कंपनी, तिचा धंदाच क्लाउडवरनं चॅनल चालवायचा आहे. त्यामुळे वाट बघत बसू नका.

पण तुमचं संपलेलं नाही, आणि हे मी धीर द्यायला म्हणत नाहीये. एसडीआयमध्ये एका केबलमधनं दीड जीबीपीएसने चित्र, आवाज, सगळं एकत्र जातं, केबल लावली की चित्र दिसतं. २०१७ मध्ये एसएमपीटीई या टीव्ही-सिनेमा इंजिनिअरांच्या संस्थेचं २११० स्टँडर्ड आलं, त्यात चित्र वेगळं, आवाज वेगळा, बाकीचा डेटा वेगळा, सगळे आयपी पॅकेट बनून स्वतंत्र धावतात आणि पीटीपी नावाच्या घड्याळाच्या वेळेवर पुन्हा जुळतात. घड्याळ सरकलं की आवाज सरकला. नव्या नेटवर्क इंजिनिअरला सगळे दिवे हिरवे दिसतात, एकही पॅकेट पडलेलं नसतं, आणि निवेदिकेचे ओठ दोन फ्रेम पुढे, म्हणजे ८० मिलिसेकंद. ते त्याला दिसत नाही. तुम्हाला रात्री तीन वाजता डुलकी लागता लागता पण दिसतं. ही नजर कोर्स करून येत नाही.

म्हणून उलट्या बाजूने भर घाला. आयपी अॅड्रेस आणि व्हीलॅन (एकाच नेटवर्कचे वेगळे कप्पे), मग मल्टिकास्ट, म्हणजे एकच सिग्नल मागेल त्या सगळ्यांना पाठवणं, आणि तो मागायची पद्धत आयजीएमपी (केबल लावलीय पण स्क्रीन काळी, याचं कारण बऱ्याचदा इथेच सापडतं), मग पीटीपी. नेटवर्कवरची पॅकेट दाखवणारं वायरशार्क हे सॉफ्टवेअर फुकट आहे, रोज उघडून पॅकेट बघायची सवय लावा. लिनक्सची काळी खिडकी सुरुवातीला नकोशी वाटेल, वाटू दे. जाहिरातीच्या ब्रेकची खूण आता एससीटीई-३५ मार्करने लागते, तो चुकला की पैसे बुडतात, आणि ब्रेकचं गणित तुम्हाला तोंडपाठ आहे. तुमच्याकडे क्लाउडचं काम सुरू झालं की व्हेंडरच्या माणसासोबत बसायला मिळावं म्हणून आधीच सांगून ठेवा, मागितल्याशिवाय कोणी बसवत नाही. आणि मॅनेजमेंटवाले कोणी हे वाचत असतील तर त्यांना कळकळीने सांगणं आहे, शिफ्ट कापायच्या आधी या माणसांना शिकवा. तुमचं चॅनल पंधरा वर्षं काळं पडू दिलं नाही त्यांनी.

प्रश्न : आई दापोलीजवळच्या गावात एकटी असते. नेट कधी असतं कधी नसतं. स्मार्ट टीव्ही घेऊ की डिश?

डीडी फ्री डिश बसवा. २००४ पासून चालू आहे, एकदा छत्री आणि बॉक्सचा खर्च, मग महिन्याला काही नाही, रिचार्ज संपला म्हणून आईला कुणाच्या मिनतवाऱ्या करायला नकोत. सह्याद्री आहे, बातम्या आहेत. मुसळधार पावसात चित्र थोडा वेळ जाईल, सर ओसरली की आपोआप येतं, हे आईला आधी सांगून ठेवा म्हणजे घाबरणार नाही. सीरियल बघायचीच असेल तर गणपतीला जाल तेव्हा तुमच्या हॉटस्पॉटवर लावून द्या.

प्रश्न : कोल्हापूरला ई अँड टीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकॉम इंजिनिअरिंग) तिसऱ्या वर्षाला आहे. टीव्हीच्या टेक्नॉलॉजीत करिअर करायचंय पण सगळे म्हणतात एआयमुळे हे पण जाणार. कुठला कोर्स करू?

पैसे भरून कोर्स आत्ता नकोच. एफएफएमपेग नावाचं व्हिडिओवर काम करायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, ते घे. मोबाइलवर काढलेला दोन मिनिटांचा व्हिडिओ घे, त्याच्या १०८०, ७२० आणि ३६० अशा तीन प्रती कर, सहा सेकंदांचे एचएलएस तुकडे पाड, लॅपटॉपवरच सर्व्हर चालवून मोबाइलवर बघ. मग मोबाइल घेऊन वायफायपासून लांब लांब जा आणि चित्र कुठे खराब होतं, परत कधी सुधारतं ते बघ. तुकड्यांची यादी असलेली एम३यू८ फाइल नोटपॅडमध्ये उघड, साधा मजकूर असतो, सगळं डोक्यात बसेल. तुझ्या डीएसपीच्या (डिजिटल सिग्नल प्रोसेसिंग) पेपरात जे डीसीटी नावाचं गणित मार्कांपुरतं पाठ करतात ना, २००३च्या एच.२६४ पासून २०१८च्या एव्ही१ पर्यंत सगळ्या कोडेकच्या, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करायच्या पद्धतींच्या, पोटात त्याचीच भावंडं आहेत, तेव्हा तो विषय मन लावून कर.

एआयचं म्हणशील तर सबटायटलचा पहिला खर्डा आता मशीनच काढतं, कंटाळवाणं कटिंगही करेल. पण मालवणी किंवा वऱ्हाडी संवाद आला की मराठी सबटायटलची वाट लागते, ते तपासणारं माणूस लागतं. आणि लाखो लोकांच्या फोनवर व्हिडिओ सुरू व्हायला दोनऐवजी पाच सेकंद का लागतायत, दोष एन्कोडरचा, सर्व्हरचा की अॅपचा, हे शोधणाऱ्याला मुंबई-बेंगळुरूत मागणी आहे. वर सांगितलेला प्रयोग मन लावून केलास तर इंटरव्ह्यूत या प्रश्नाला तुझ्याकडे स्वतःचं उत्तर असेल. तुकडे सहाऐवजी दोन सेकंदांचे करून पण बघ आणि काय फरक पडला ते कळव, पुढचं तेव्हा बोलू.