दिवाळीत फोटोवाल्या दोस्ताला काय द्यावं?

सगळ्यात आधी त्याचा कॅमेरा कोणत्या कंपनीचा अन् कोणत्या माउंटचा (म्हणजे लेन्स अडकवायच्या खाचेचा) आहे ते गुपचूप पाहून घे. ते माहीत नसेल तर लेन्सच्या वाट्याला जाऊच नको. माउंट जुळला नाही तर ५० एमएम एफ १.८ ची साधी लेन्स सुद्धा नुसती शोभेची. फिल्टर (लेन्सपुढं लावायची काच) द्यायचा असेल तर लेन्सच्या तोंडाशी ø च्या खुणेपुढे ५८, ६७ असा आकडा असतो, त्याच मापाचा घे.

खिसा हलका असेल तर धूळ फुंकायचा रबरी ब्लोअर अन् मायक्रोफायबरचं कापड दे. कापूस वेचणीच्या दिवसांत आपल्याकडं धूळ किती उडते ते तुला सांगायला नको. लोक ती शर्टाच्या टोकानं पुसतात अन् काचेवर ओरखडे पाडतात. पावसाळ्यात लेन्सला धरणाऱ्या बुरशीसाठी घट्ट झाकणाचा डबा अन् ओल शोषणारं सिलिका जेल. मेमरी कार्ड पक्क्या बिलावरच घे, बाजारात नकली फार. कार्डावर व्ही ३० (V30) असेल तर ते सेकंदाला किमान ३० एमबी लिहिणारं, व्हिडिओला पुरतं.

पण माझं मत विचारशील तर बीनबॅगच दे. गावच्या शिंप्याकडून जुन्या जीन्सची, दुहेरी शिलाईची, चेन लावलेली पिशवी शिवून घे. ताडोब्याच्या जिप्सीत ट्रायपॉडला जागा कुठची? दांडीवर ही पिशवी टाकली की जड लेन्स हलत नाही. आत तांदूळ किंवा सरकी भरायची, पण पाऊणच. गच्च भरली तर लेन्स घसरते.